नावाड्याची शेवटची खेप

१८ मार्च, मंगळवार

आमचा नावाडी परत येतोय. ईदला!

बातमी झगलूल काकांनी आणली. ते बाबांबरोबर होड्यांच्या कारखान्यात सुतारकाम करतात. आज नदीच्या पलीकडच्या काठावर, रास-अल-बरला गेले होते. तिथे सिनेमाघरावर पोस्टर दिसलं, तर रोजा सोडायला घरी जायचं टाकून आधी आमच्या दारात येऊन बाबांना हाक मारत ओरडले, "अबुल-मआती, ऊठ! तुझा जावई आला!"

बाबा त्याला जावई म्हणतात. त्याच्या सिनेमाचा पहिला भाग आला तेव्हा मी शाळेत होते आणि हे ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाबांचं ठरलेलं पालुपद असायचं: "पाण्याला भीत नाही, कमी बोलतो, आणि आला तरी जेवायला थांबत नाही. असा जावई आपल्या गावात, अख्ख्या इजबतमध्ये सापडेल का?"

पोस्टरवर त्याचं नाव परदेशी आणि लांबलचक आहे. पण एका पाण्यात बुडी मारून भलत्याच पाण्यातून वर येणारा, बुडणाऱ्याला पाठीवर घेऊन पैलतीर गाठणारा वीर! होड्या बांधणाऱ्यांच्या गावात त्याला नावाडी नाही तर दुसरं काय म्हणणार?

आधीचे दोन्ही भाग मी बाबांना सांगितले आहेत. सिनेमा परदेशी भाषेत, खाली अरबी ओळी, त्याही पुस्तकी. बाबांना आणि आईला अक्षर येत नाही. म्हणून ओळ आली की ती झटकन आमच्या बोलीत करायची आणि बाबांच्या कानात सांगायची. बाबांना कायम पहिली रांग लागते. "पडदा अंगावर आला पाहिजे," म्हणतात. पहिल्या वेळी मागून कुणीतरी खेकसलं, "ए पोरी, गप बस!" त्याच्याही मागून आमच्या गल्लीतल्या वहीबा मावशींचा आवाज आला, "तूच गप रे. आणि तू गं, जरा मोठ्यानं सांग. मला कुठे वाचता येतंय?" त्या दिवशी पुढच्या तीन-चार रांगांना सिनेमा मीच सांगितला. मी शिकवणार हे माझ्या मनानं बहुधा तेव्हाच घेतलं.

आज मात्र बाबा नुसते हसले. "बघू," म्हणाले.

२१ मार्च, शुक्रवार

आज आमच्याकडचा मातृदिन. आईला जांभळा रुमाल दिला. तिनं तो लगेच बांधला आणि लगेच सोडून कपाटात ठेवला. "तू गेल्यावर वापरीन."

म्हणजे जाणं आता घरात सगळ्यांनी धरून चाललंय. ईद झाली की मी खारग्याला, लांब वाळवंटात निघणार. तिथल्या वस्त्यांमधल्या बायकांना लिहावाचायला शिकवणारी एक संस्था आहे, तिनं मला वर्षभरासाठी घेतलंय. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. त्या पदवीचं काहीतरी करायचं, तर ते हेच, असं मला पहिल्या वर्षापासून वाटत आलंय. हिवाळ्यात बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "माझी पोरगी वाळवंटाला अक्षर शिकवणार!" काकूंनी नाकं मुरडली. एकटी मुलगी, इतक्या लांब. बाबांनी कुणालाही भीक घातली नाही.

आणि आता हेच बाबा माझ्यावर रागावलेत. उघड बोलत नाहीत, पण मला कळतं. काल नवी पेटी आणून दाराशी ठेवली, तर येताना त्यांनी तिला लाथ मारली. मी बघत होते. पेटी आडवी झाली आणि बाबा तसेच आत निघून गेले. उलट आई माझ्यावरच खेकसली, "वाटेत ठेवायची वस्तू आहे का ती?"

नेमणुकीचा कागद दाखवला तेव्हाही हातात घेऊन जरा वेळ धरला आणि परत दिला. "छान आहे शिक्का." कागदावर शिक्का नव्हता. वाचता येत नाही म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून बोलले असतील. पण मला लागलं.

२५ मार्च, मंगळवार

मन शांत करून लिहायचा प्रयत्न करतेय.

आज कारखान्यात बाबांना आईचा निरोप सांगायला गेले. बाबा म्हणजे फळ्या आखणारा माणूस. होडीच्या पोटाला कुठे किती बाक द्यायचा हे नजरेनं ठरवणारे. आज ते होडीखाली बसून फळ्यांच्या फटींत कापूस ठासत होते. हे नवशिक्यांचं काम! आखणी झगलूल काका करत होते.

"काका, बाबा इथे काय करतायत?"

"अगं, कापूस ठासायला बोटं लागतात. तुझ्या बापासारखी बोटं कुणाची आहेत?" काका म्हणाले आणि नको तितके हसले.

कामातला जीवच गेलाय त्यांचा. माणूस आतून दुखावला की असं होतं. कॉफीखान्यात पत्ते खेळायचंही सोडलंय, आता फक्त डोमिनो. आणि मला आठवलं, गेल्या वर्षी मी त्यांना अक्षरं शिकवायला बसवलं होतं. चार दिवसांत पाटी बाजूला सारली. "शब्द सापडतो गं बाई, पण त्याच्या शेजारचा कुठे पळतो ते कळत नाही." मी केवढी रागावले होते! खारग्याच्या बायकांना शिकवायला निघाले आणि घरातला एक माणूस धड शिकवता आला नाही.

संध्याकाळी मात्र फार गोड झालं. नवा भाग बघण्याआधी दुसऱ्याची उजळणी करायची ठरली. झगलूल काकांनी त्यांच्या मोठ्या टीव्हीवर बोलावलं होतं, पण बाबा म्हणाले, "नको. आपल्या पोरीच्या फोनवर बघू." एवढासा पडदा! तो त्यांनी हात लांब करून धरला आणि मी शेजारी बसून ओळी सांगितल्या. किती दिवसांनी आम्ही असे बसलो! अल्लाचे आभार मानले. मध्येच विचारत होते, "बाजूला कोण उभं आहे? बाई की बुवा?" पूर्वी एवढ्या बारकाईनं नाही विचारायचे. मला वाटतं, मी जाणार म्हणून माझा आवाज जास्तीत जास्त ऐकून घेतायत.

आईनं फ्रिजमधून थेंबांची बाटली काढली आणि आम्हाला उठवलं. तिच्या डोळ्यांची आग होते म्हणे, हिवाळ्यापासून.

२८ मार्च, शुक्रवार

ठरवलं. नाही जात खारग्याला.

रडून नाही, नीट विचार करून ठरवलं. ज्या माणसानं लोकांचे टोमणे ऐकून मला शिकवलं, त्याला असं कोमेजलेलं सोडून मी कसला आदर्श गाठणार? बायका इजबतमध्येही निरक्षर आहेत. ईदनंतर संस्थेला फोन करून सांगेन.

आईला सांगितलं. ती काहकचं, ईदच्या बिस्किटांचं पीठ मळत होती. तशाच तुपाच्या हातांनी तिनं माझा फोन उचलला आणि कपाटावर ठेवून दिला.

"फोनला हात लावून बघ."

"आई, बाबांना नकोय मी गेलेलं. दिसत नाही का तुला?"

"मला सगळं दिसतं," ती म्हणाली. मग उगीच जास्त जोरानं पीठ तिंबायला लागली. "सिनेमा होऊ दे. मग बोलू. तोवर हा विषय काढलास तर एकही काहक मिळणार नाही."

सिनेमाचा काय संबंध?

३१ मार्च, सोमवार

ईद मुबारक, माझ्या वही.

सकाळची नमाज मैदानात झाली. बाबा झगलूल काकांच्या दंडाला धरून जाताना लांबून दिसले. दोन म्हातारे मित्र, नवे कपडे, हातात हात. डोळे भरून आले. काहक पन्नास तरी खाल्ल्या असतील. उद्या दुपारचा खेळ.

१ एप्रिल, मंगळवार

कुठून सुरू करू?

दुपारी सगळे धक्क्यावर जमलो. मी, आई, बाबा, झगलूल काका, वहीबा मावशी. अर्धी इजबत पलीकडे निघाली होती. होडीत सगळ्यांत आधी उडी मारायची आणि मग एकेका बाईला हात देऊन आत घ्यायचं, हा बाबांचा मान. मी लहान असल्यापासून बघत आलेय. आज ते मागे उभे राहिले. सगळे चढले, मग चढले, आईच्या मागोमाग. मावशी म्हणाल्याच, "काय रे अबुल-मआती, ईदला संप?" बाबा म्हणाले, "मावशी, आज मी पाहुणा."

सिनेमाघरात शिरल्यावर पहिल्या रांगेकडे धावले तर आई म्हणाली, "मागे. अगदी मागची रांग."

"बाबांना पुढची लागते!"

"आता मागची आवडते," बाबा म्हणाले. "पुढे बसून मान दुखते."

बसलो. आईनं मुशब्बकचा, आमच्याकडच्या जिलबीचा पुडा उघडला, त्याच्या पाकानं बोटं चिकट झाली. अंधार झाला, गाणं सुरू झालं, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

गोष्ट अशी: समुद्राखालची जी वाट नावाडी वापरतो ती फाटत चाललीय. तिच्यातून समुद्र एकेक बंदर गिळतोय. वाट बंद करायची, तर आतूनच. आणि बंद करणाऱ्याची ताकद कायमची जाणार. हे त्याला अर्ध्या सिनेमात कळतं. पण तो कुणाला सांगत नाही. नेहमीसारखा लोकांना पाठीवर घेत राहतो, हसत राहतो. मला त्याचा राग आला. बाबांच्या कानात म्हणालेसुद्धा, "सांगत का नाही हा कुणाला?"

"सांगितलं तर लोक त्याच्या पाठीवर बसतील का?" बाबा म्हणाले.

मध्ये एक होडीची शर्यत आहे. आमच्या गावकऱ्यांनी सिनेमाघर डोक्यावर घेतलं. "अरे, वल्हं उलटं धरलंय!" "ही फळी पहिल्या लाटेला सुटणार!" झगलूल काका उभे राहून नायकाला शिकवत होते. बाबा या सगळ्यात सगळ्यांच्या वर ओरडणारे. आज गप्प. मी म्हटलं, "बाबा, बघितलंत ना, कशी बांधलीय होडी!" ते म्हणाले, "हो ना, हो ना."

मग शेवट. नावाडी वाट बंद करतो. पडदा काळा. नंतर पहाट व्हायच्या आधीचा निळा अंधार, एक किनारा, आणि तो वाळूवर. बोलणं नाही, गाणं नाही, त्यामुळे खाली ओळही नाही. मला वाचायला काही उरलंच नाही म्हणून मी थांबले. सगळं सिनेमाघर थांबलं होतं.

बाबांनी माझ्या हातावर बोटं ठेवली. "आता काय चाललंय?"

"काही नाही बाबा. कुणी बोलत नाहीये."

"बोलत नाहीत ते कळलं. दिसतंय काय?"

मी म्हटलं, "बघा ना."

मी वळून बघितलं. त्यांचा चेहरा पडद्याकडे होता, डोळे उघडे होते, आणि ते शोधत होते. मान किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, दाराच्या फटीतून आत बघताना हलवतात तशी. त्यांच्या पलीकडून आई माझ्याकडे बघत होती. तिनं नुसती मान हलवली. हो.

पेटी. कापूस. मागची रांग. फोन. थेंब. लिहायला वेळ लागतो, कळायला लागला नाही.

पडद्यावर नावाडी उठून चालायला लागला होता आणि बाबा वाट बघत होते. मग मी सांगायला लागले.

"तो उभा राहिलाय, बाबा. अंधार आहे, निळा. पाण्यापर्यंत गेलाय. पाय आत घातलाय... पण पाणी आता त्याचं ऐकत नाही. घोट्यापर्यंत ओला झालाय, आपण होतो तसा."

"मग?"

"लांबून एक होडी येतेय. साधी, भाड्याची. वल्हवणारी एक बाई आहे. ही तीच, बाबा! पहिल्या भागात बंदरात बुडत होती ती छोटी मुलगी. आता मोठी झालीय."

"डाव्या गालावर तीळ?"

"तीच. तिनं हात पुढे केलाय. तो हाताकडे बघतोय. घेत नाहीये."

"घे की रे," मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला कुणीतरी पुटपुटला. तेव्हा कळलं, आजूबाजूचे सगळे माझंच ऐकत होते. वहीबा मावशींनी पुढच्या रांगेतून मान मागे वळवली होती.

"आयुष्यभर यानंच हात दिलाय," मी सांगितलं. "घ्यायचा कसा ते त्याला माहीत नाही. ती हात मागे घेत नाहीये. वाट बघतेय. आता... आता त्यानं धरला. चढला. मधल्या फळीवर बसला, सगळ्या उतारूंसारखा. ती वल्हवतेय. तो पाण्याकडे बघतोय. हसतोय, बाबा. थोडंसंच."

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत होते, पोरं नाचत होती. झगलूल काका नाक शिंकरत म्हणाले, "होडी मात्र फालतू होती." मावशींनी मागे येऊन माझे दोन्ही गाल ओढले. "पोरी, बोलणं नसतानाच तू चांगलं सांगतेस."

परत येताना सूर्य रास-अल-बरच्या छपरांवर टेकला होता. धक्क्यावर मी आधी होडीत उतरले आणि वळले. बाबा काठावर उभे. कुणाला काही ठरवावं लागलं नाही. त्यांनी हात पुढे केला.

"चल," म्हणाले. "आज तू घे."

त्यांचा हात किती जड आहे! इतकी वर्षं त्यानं मला उचललं, पण त्याचं वजन मला ठाऊक नव्हतं.

होडीत त्यांनी सांगितलं. काचबिंदू आहे. कडेकडेनं सगळं पुसत आलंय. मध्ये एक नळी उरलीय, तिच्यातून दिसतं. मन्सूरा शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलंय की गेलेलं परत यायचं नाही, पण थेंब चुकवले नाहीत तर उरलेलं बरंच टिकेल.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर खारग्याला हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग? आणि सिनेमाच्या आधी सांगितलं असतं, तर तू रडत ओळी वाचल्या असत्यास. माझ्या जावयाचा शेवटचा सिनेमा. मला नीट ऐकायचा होता."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि आमच्या नावाड्याला मनातल्या मनात सलाम केला. तो शेवटी मुका राहिला म्हणून मला ऐकू आलं.

४ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस वाद. मी म्हणते जाणार नाही. बाबा म्हणतात जाणार.

"रागावलेत असं वाटलं म्हणून थांबणार होतीस," ते म्हणाले. "नाही ना रागावलो? मग थांबायचं कारण संपलं."

"बाबा, पण आता खरं कारण आहे!"

"कसलं कारण? बोटं आहेत. झगलूल आहे, तो आखतो, मी हात फिरवून त्याच्या चुका सांगतो. पूर्वी त्याला वाटायचं मी बढाया मारतो, आता तर घाबरतोच."

आईला विचारलं, तू एकटी कसं सांभाळशील? ती थेंबांची बाटली हलवत होती. "तू त्यांना ओळी वाचून दाखवतेस. मी पायऱ्या वाचून दाखवते, दगड, खड्डे, लोकांच्या सायकली. माझं वाचन थांबलेलं नाही. जा, त्या बायकांना शिकव. आणि सुट्टीला आलीस की मला शिकव. हे पळपुटे आहेत, मी नाही."

तिनं आजवर असं कधी म्हटलं नव्हतं. मीही तिला कधी विचारलं नव्हतं.

थेंब घालायला शिकले. आज बाबांच्या डोळ्यांत मी घातले. वर बघायचं, खालची पापणी ओढायची, आणि हात थरथरू द्यायचा नाही. बाबा म्हणाले, "एवढ्या जवळून तुझं फक्त नाक दिसतं, बाई. नाकावरून ओळखलं."

१२ एप्रिल, शनिवार

बसमध्ये बसून लिहितेय, अक्षर हलतंय.

खारग्याला कैरोवरून जायचं आणि कैरोची बस रास-अल-बरहून सुटते, म्हणून सकाळी पुन्हा तीच होडी. आई पेटीबरोबर पलीकडे यायला निघाली होती, बाबांनी तिला थांबवलं. दोघं इजबतच्या धक्क्यावर उभे राहिले. आईनं जांभळा रुमाल बांधला होता. झगलूल काकांनी पेटी आत ठेवली आणि म्हणाले, "तिकडच्या बायकांना सांग, इजबतचे सुतार जगात सगळ्यांत भारी."

मी बाबांना मिठी मारली. ते माझ्या चेहऱ्यावर बोटं फिरवत होते, फळीवर फिरवतात तशी, कुठे काही सुटलंय का ते बघत. माझा धीर सुटला.

"नाही जात मी. इतकी लांब कशी जाऊ?"

"वेडी आहेस," बाबा म्हणाले. "मी मागच्या रांगेत का बसलो ते विसरलीस? जवळ आलं की मला सगळ्याचा तुकडाच दिसतो. आत्ता तुझी हनुवटी दिसतेय. ती होडीतली पुढची फळी आहे ना, तिच्यावर जाऊन उभी राहा. लांब गेलीस की मला अख्खी दिसशील."

मी पुढच्या फळीवर जाऊन उभी राहिले, त्यांच्याकडे तोंड करून. होडी निघाली. मधलं पाणी वाढत गेलं, धक्का लहान होत गेला. होडीवाल्यानं दोनदा सांगितलं, "ताई, खाली बसा, पडाल." मी बसले नाही. नदीच्या मध्यावर आलो तेव्हा बाबांनी दोन्ही हात उंच केले.

मी हलले नाही. पैलतीर येईपर्यंत तशीच ताठ उभी राहिले, डोक्यापासून पायापर्यंत.